नसीमची खरी अठरा वर्षं

नसीम, तू गेल्यापासून मी एकही थाप मारलेली नाही. हे वाक्य सोडून.

दोन मारल्या. एक तुझ्या नवऱ्याला, बशीरभाईंना, की शेवटी तुला काहीच त्रास झाला नाही. दुसरी स्वतःला, की तुझ्याशी बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. पहिली बशीरभाईंनी मान्य केली, निदान तसं दाखवलं. दुसरी मलाच पटेना, म्हणून लिहायला बसले. तुझ्या चाळिसाव्या दिवसाच्या आत लिहून टाकते. उशीर केला तर तुझ्या गोष्टी माझ्या तोंडात इतक्या फुगतील की त्यात तुलाच उभं राहायला जागा उरायची नाही.

तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. आपल्या हॉस्पिटलात नवी मुलगी रुजू झाली की पहिल्याच दिवशी मी तिला म्हातारीची गोष्ट सांगायचे. एक म्हातारी आली होती, इतकी सुकलेली की हातात शीरच शिल्लक नव्हती. तीन डॉक्टर हरले. मग नसीम सिस्टर आल्या. त्यांनी आधी म्हातारीच्या हातात शीर घातली आणि मग शिरेत सुई. तेवढ्यात लाईट गेली, जनरेटर बंद, अख्ख्या वॉर्डात काळोख, तरी सिस्टरांनी नुसत्या बोटानं काम केलं. सलाईन सुरू झालं आणि म्हातारी उठून चालत माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर गेली, सलाईनच्या दांड्यासकट.

मुली आ वासून ऐकायच्या. आणि मागं ट्रे पुसता पुसता तू म्हणायचीस, "दुपारचे बारा वाजले हुते. खिडकी उघडी हुती. डॉक्टर एकच हुते, तेबी जेवायला गेल्ते."

"आणि म्हातारी?" एखादी विचारायची.

"आठ दिवस राहिली. माझा डबा खाऊन गेली."

माझ्या प्रत्येक फुग्यापाठीमागं तू टाचणी घेऊन उभी असायचीस. बावीस वर्षं हा खेळ चालला, आणि मला वाटायचं की त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

पण तुझी एक गोष्ट मी कधीच फुगवली नाही. कारण ती मला कधी मोठी दिसलीच नाही. ड्युटी देताना, म्हणजे एका पाळीच्या सिस्टरनं पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंट सोपवताना, आम्ही सगळ्या फाईल वाचून दाखवायचो. ताप इतका, लघवी इतकी, गोळी या वेळेला. तू फाईल काखेत मारायचीस, पलंगाच्या पायथ्याशी जायचीस, चादरीखाली हात घालायचीस आणि पेशंटचे दोन्ही पाय धरायचीस. मग बोलायला लागायचीस.

देवळाली प्रवऱ्याचे ते आजोबा आठवतात? पलंगावर ताडकन उठून बसले होते.

"अगं पोरी, पाया कशाला पडती? मी काय म्हाराज हाय का?"

"पाया न्हाई पडत आजोबा. गार हायत का बघते."

"मग? हायत का?"

"पाय गरम हायत तुमचे. डोकंबी गरमच आसंल. सकाळपास्नं सुनंला बोल लावताय."

सगळा वॉर्ड हसला, सून सगळ्यात जास्त. आणि त्याच महिन्यात सुप्याच्या कारखान्यातला तो मुलगा आला होता, पोटावर लोखंडी पट्टी आदळलेला. मशीनवरचे आकडे सरळ, ब्लडप्रेशर ठीक, पोरगा मोबाईल बघत होता. तू पाय धरलेस आणि बोलता बोलता थांबलीस. "हे पाय मला आवडंनात," म्हणालीस, आणि डॉक्टरांना बोलवायला निघालीस. तासाभरात तो ऑपरेशनच्या टेबलावर होता. आतून रक्त जात होतं आणि आकड्यांना अजून पत्ता लागला नव्हता.

या पाय धरण्याला पगारपत्रकात रकाना नाही. आपल्या भांडणाचं मूळ तेच.

आपण दोघी एकाच बॅचच्या. एकाच खोलीत राहून जीएनएमचा डिप्लोमा केला, एकाच दिवशी नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी झाली, एकाच सोमवारी या हॉस्पिटलात लागलो, पगारही अगदी सारखा. पुढं मी नोकरी सोडून पोस्ट बेसिक बीएस्सीला, म्हणजे डिप्लोमावरच्या पदवीला, पुण्याला गेले आणि तू जुळ्यांना सांभाळायला घरी बसलीस. मी दोन वर्षांनी पदवी घेऊन आले, तू चार वर्षांनी दोन पोरं घेऊन. जागरणं तुझी जास्त झाली होती, पण तुझ्या विद्यापीठाकडं शिक्का नव्हता. मी वरच्या पायरीवर चढले, तू पुन्हा पहिल्या पायरीपासून. पुढं मी इन्चार्ज झाले. आणि दोन वर्षांपूर्वी बीएस्सी करून थेट कॉलेजातून आलेली मुलगी पहिल्याच महिन्यात तुझ्यापेक्षा जास्त पगार घेऊ लागली. तिला इंजेक्शन देताना हात कसा धरायचा हे तू शिकवत होतीस.

मी चिडले. हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर आपण डबे उघडले होते आणि मी ओरडत होते, की हा अन्याय आहे, कागदाला पगार आणि हाताला टाळ्या, मी मोर्चा काढते, मी उपोषणाला बसते.

"तू उपोषणाला बसशील?" तू माझ्या डब्याकडं बघितलंस. "जेवून का आधी?"

"नसीम, तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. पण त्या पोरीनं चार वर्षं अभ्यास केलाय मंगल. तिला जास्त मिळालंच पाहिजे. कागदाचं कमी करून माझं वाढायचं न्हाई."

हीच तर गंमत होती आपल्या भांडणाची. पदवीवाली मी, आणि मी हाताच्या बाजूनं. पदवी नसलेली तू, आणि तू कागदाच्या बाजूनं. ऐकणाऱ्याला वाटावं की आपली डोकी अदलाबदल झालीत.

मग तू भाकरी घेतलीस आणि तिचे तुकडे करून पायरीवरच्या कागदावर मांडलेस. "हा मोठा तुकडा म्हणजे शिक्षण. एएनएम, जीएनएम, बीएस्सी, जसं शिकशील तसा मोठा. हा दुसरा, नोकरी सरकारी का खाजगी. हा जवळजवळ पहिल्याएवढाच हाय बघ, उगं हसू नको. हा तिसरा, नगर का पुणं. हा चौथा, साधा वॉर्ड का आयसीयू. हा एवढासा, किती वर्षं केली."

"आणि हा?" शेवटी एक पापुद्रा उरला होता.

"हा म्हंजे नर्स चांगली हाय का न्हाई," म्हणालीस आणि तो पापुद्रा तोंडात टाकलास.

मी एवढी हसले की ठसका लागला. तू पाठीत थोपटत म्हणालीस, "मला यातलं दोनच पायजे. वर्षांचा तुकडा जरा मोठा करा. आणि ज्यांना शिकायचंय त्यांना नोकरी ठेवून शिकायला सोडा. माझ्या टायमाला कुणी म्हणलं असतं, जा, जागा तुझीच हाय, तर जुळ्यांना आईकडं टाकून मी तुझ्या मागं पुण्याला आले असते."

हे तू मला वीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलंस. मी ऐकलं, आणि काय केलं? तुझ्यासाठी मीच बोलणार म्हणून छाती पुढं काढली.

गेल्या वर्षीची ती मीटिंग. तू बाहेर बाकावर बसलीस, मी आत व्यवस्थापकसाहेबांपुढं. तू जाताना एवढंच म्हणालीस, "हाय तेवढंच बोल." आणि मी तोंड उघडलं. आता तुला सगळं सांगते, तिथं काय झालं ते. मी म्हणाले, साहेब, नसीम सिस्टरांना तीस वर्षांचा अनुभव आहे. मी म्हणाले, त्यांनी या हॉस्पिटलातल्या प्रत्येक नर्सला शिकवलंय. मी म्हणाले, पुण्याची तीन मोठी हॉस्पिटलं त्यांच्या दारात गाडी घेऊन उभी आहेत. माझा आवाज चढत होता आणि मलाच माझं कौतुक वाटत होतं.

साहेबांनी शांतपणे तुझी फाईल उघडली. "सिस्टर, यांचं वय त्रेचाळीस आहे. तीस वर्षांचा अनुभव म्हणजे नोंदणी तेराव्या वर्षी झाली का?"

त्यांनीच पान उलटलं.

"नोकरीचं हे अठरावं वर्ष आहे. मधे चार वर्षांचा खंड. बाकीचं जे सांगितलंत, तेही याच मापानं धरू का?" फाईल मिटली.

तुझ्या अठरा वर्षांत काय कमी होतं गं? काहीच नव्हतं. मीच त्यात बारा घातली, आणि त्या बारांनी तुझी अठराही खोटी पाडली.

बाहेर आले. तू उभी राहिलीस. तुझ्या पर्समध्ये पोस्ट बेसिकच्या प्रवेशाचा फॉर्म होता. पगार वाढणार नसेल तर काटकसर करून, नोकरी गेली तरी चालेल, पण या वर्षी जायचंच असं तू ठरवलं होतंस. मला माहीत होतं.

"काय म्हणले?"

"झाल्यातच जमा आहे," मी म्हणाले. "थोडा वेळ लागेल."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं. मग यंदा फॉर्म राहू दे."

तो फॉर्म तू पाठवला नाहीस. वर्षभर मी रोज ठरवत होते की आज सांगते. आणि वर्षभर तू एकदाही विचारलं नाहीस की कुठं अडलंय. मला वाटायचं, केवढा विश्वास हिचा माझ्यावर.

मग तू पेशंट झालीस. आपल्याच आयसीयूत, खिडकीजवळच्या पलंगावर. छातीला वायरी लावलेल्या आणि तोंडानं हुकूम चालू. सलाईनची नळी नीट चिकटवली नाही म्हणून कल्पनाला दोनदा परत करायला लावलीस. सुप्याची कल्पना, तुझ्या हाताखाली आठ वर्षं काढलेली, तुझ्यासारखीच जीएनएम. रडू दाबत ती म्हणाली, "नसीमताई, पेशंटनं बोलायचं नसतंय," आणि तू म्हणालीस, "मग पेशंटला नीट चिकटव."

दुपारी दोनला ड्युटी बदलली तेव्हा मी तुझ्याजवळ बसले. तू म्हणालीस, "पुढच्या महिन्यात परत मीटिंग हाय ना? तू जा. या बारीला अठराच सांग."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पायजे? तू खोटं बोलतीस तवा युनिफॉर्मचा खिसा चाचपतीस. त्या दिवशी बाहेर आलीस ती खिसा धरूनच."

म्हणजे तुला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. फॉर्म ठेवून दिलास तेव्हाही. मी विचारलं, मग गेली का नाहीस? तू म्हणालीस, "ते माझं मी ठरवलं. जुळ्यांची बारावी हुती. तुझ्या थापंनं मी थांबले असं समजू नको, तेवढी ताकद न्हाई तुझ्यात." आणि डोळे मिटून हसलीस. हे खरं होतं की मला सोडवण्यासाठी मारलेली तुझ्या आयुष्यातली पहिली थाप, ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्या त्या पेशंटच्या कपड्यांना खिसाच नव्हता, नाहीतर बघितलं असतं.

तिथं मी माफी मागायला हवी होती. शब्द ओठांवर होता. आणि मी काय म्हणाले? "अठरा फारच कमी वाटतात गं. निदान एकोणीस करू?"

तू इतकी हसलीस की मॉनिटर वाजायला लागला आणि कल्पना धावत आली. आपल्या दोघींवर ओरडली. मी हसतच बाहेर गेले. माझी माफी तिथंच राहिली, त्या पलंगाच्या कडेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी ड्युटीवर आले आणि फाईल उघडण्याआधी तुझ्या पायथ्याशी गेले. का, ते सांगता येणार नाही. बावीस वर्षांत मी कुणाचेही पाय धरले नव्हते. चादरीखाली हात घातला. तुझे पाय घोट्याच्या वरपर्यंत गार होते. मॉनिटर अजून ठीक म्हणत होता. मी ओरडले, सगळे धावले, कुणी काही कमी केलं नाही. तुला माहीत आहे, तू तिथंच होतीस. पण तुझ्या पायांनी मला सांगितलं, आकड्यांच्या आधी.

मीटिंग गेल्या गुरुवारी झाली. मी जाणार नव्हते. कल्पनानं सकाळी मला जिन्यात गाठलं आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. सुप्याच्या एका कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत नोकरी, पगार इथल्यापेक्षा बराच जास्त, काम म्हणजे बोटाला पट्टी बांधायची.

"ताई, मला जायचं न्हाई," ती म्हणाली. "पण माझ्याबी घरी चार तोंडं हायत. आठ वर्षं आयसीयूत काढून मी नव्या पोरीच्या खाली का राहू? नसीमताई अठरा वर्षं ऱ्हायल्या, काय मिळालं? तुमी आज आत जाऊन परत तीस सांगणार आसाल, तर मी आत्ताच सही करते."

म्हणजे आख्ख्या हॉस्पिटलाला माहीत होतं, नसीम. फक्त मला माहीत नव्हतं की सगळ्यांना माहीत आहे.

मी गेले. हाताशी जुनी ड्युटी रजिस्टरं घेतली, तोंडाचा भरवसा नव्हता म्हणून. साहेब म्हणाले, "गेल्या वेळी तीस वर्षं होती."

"साहेब, गेल्या वेळी मी बोलत होते. आज नसीम सिस्टरांनी सांगितलेलं बोलते. त्यांनी अठरा वर्षं नोकरी केली. त्यातली नऊ आयसीयूत. चौदा मुली शिकवल्या, नावं या रजिस्टरांत आहेत, त्यातल्या पाच आज पदवीवाल्या आहेत. पुण्याहून त्यांना कुणीही बोलावलं नव्हतं."

शेवटचं वाक्य बोलताना माझा जीव जात होता, तुझी शपथ. निदान एक हॉस्पिटल तरी ठेवावं असं वाटत होतं. उजवा हात खिशाकडं निघालाच होता. त्याला डाव्या हातानं धरून टेबलावर ठेवला.

साहेब म्हणाले की तपासणीला येणारे लोक पदवीवाल्या किती ते मोजतात, त्यामुळं पदवीचा पगार ते कमी करू शकत नाहीत. मी म्हणाले, "करूच नका. नसीम सिस्टरांचंही तेच म्हणणं होतं." ते चमकले. बहुतेक त्यांची भांडणाची तयारी होती, होकाराची नव्हती. मग मी तुझे दोन तुकडे त्यांच्यापुढं ठेवले, भाकरीशिवाय. वॉर्डातली वर्षं मोजा. शिकायला जाणारीची जागा राखा. आणि त्या सुप्याच्या मुलाचे पाय सांगितले, जसे होते तसे, एकही जास्तीचा थेंब रक्त न घालता.

साहेबांनी रजिस्टर चाळलं. त्यांनी एकाच ठिकाणी बोट ठेवलं, "ही चौदा नावं, यांना शिकवल्याचं काही वेगळं देत होतो का आपण?"

"नाही साहेब."

"हं," म्हणाले.

अर्धंच मिळालं, नसीम. आयसीयूचा भत्ता आता पदवी असो नसो, सगळ्यांना सारखा. दर वर्षी एका जीएनएमला पोस्ट बेसिकसाठी रजा, जागा राखून. रजेतल्या पगाराचं "बघू" म्हणालेत, आणि त्यांचं बघू तुला माहीत आहे. वर्षांचा तुकडा थोडाच वाढला. नव्या पदवीवालीच्या बरोबरीला अजून आला नाही. पण पत्रक निघालं, सहीशिक्क्याचं, आणि बोर्डावर लागलं. मी ते तीनदा वाचलं. मला सवय नाही ना, फुगवल्याशिवाय मोठं दिसणाऱ्या गोष्टींची.

कल्पनानं सुप्याचा कागद फाडला नाही. मी गोष्ट सांगत असते तर तिनं तो चारचौघांत टराटरा फाडून हवेत उडवला असता. तिनं तो पुन्हा घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि त्याच पर्समधून पोस्ट बेसिकचा फॉर्म काढला. तुझ्या हातचा, गेल्या वर्षीचा. तो तू तिला देऊन ठेवला होतास म्हणे, नमुना म्हणून. तुझं नाव, तुझा नोंदणी क्रमांक, सगळं तुझ्या अक्षरात भरलेलं, फक्त सही नव्हती. कल्पना तो समोर ठेवून स्वतःचा नवा भरत होती. म्हणाली, "कुठल्या रकान्यात काय लिवायचं ते ताईंनी करून ठिवलंय सगळं."

आज दुपारी दोनला ड्युटी बदलली. कल्पनानं फाईल काखेत मारली, पहिल्या पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि चादरीखाली हात घातला. राहुरीकडच्या एक मावशी होत्या, त्यांनी पाय आखडून घेतले. "अगं बया, पाया का पडतीस?" कालच रुजू झालेली मुलगी शेजारी उभी होती, ती खुदकन हसली. कल्पनानं तिचा हात धरून चादरीखाली नेला. "बघ. असं धरायचं. आधी पाय, मग फाईल."

"तुम्हाला कुणी शिकवलं?" त्या मुलीनं विचारलं.

"नसीमताईंनी."

मुलगी माझ्याकडं वळली. मी इन्चार्ज, गोष्टी सांगणारी, हे तिला एका दिवसात कळलं होतं. "त्या किती वर्षं होत्या इथं?"

कल्पना पाय धरून तशीच वाकलेली, पण कान माझ्याकडं. नसीम, तीस जिभेवर होते. पस्तीसही होते. म्हातारी सलाईनच्या दांड्यासकट माळीवाड्याला निघाली होती. माझा हात खिशाकडं गेला, आणि मी तो तिथून काढून मावशींच्या दुसऱ्या पायावर ठेवला. पाय चांगला गरम होता.

"अठरा," मी म्हणाले.